पेजेचा शुक्रवार

गोव्यात बाणावलीतल्या आमच्या घरमालकीण आंटी सकाळी अकराच्या सुमारास पेज पितात. उकड्या तांदळाची पेज आणि बरोबर काल्ची कडी, म्हणजे आदल्या दिवशीची माशांची आमटी आटवून घट्ट केलेली. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती मला वाटीभर आणून दिली होती. पण कोरेस्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, शुक्रवारी त्यांच्याकडे कडी नसते. पेज, मीठ आणि चेपणीच्या, म्हणजे मिठात मुरवलेल्या, कैरीची एक फोड. तीन वर्षं मी हे खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, हा कसला उपास, पेज तर पोटभर आहेच. २०२५ च्या उपासकाळात मी स्वतः उपास धरले. आंटींच्या त्या पेजेपर्यंत पोचायला मला चार शुक्रवार लागले.

मी नगर जिल्ह्यातली. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. गावात एकादशीला शेजारीपाजारी उपास धरत, घरोघरी भगर आणि साबुदाण्याची खिचडी शिजे. कुणी पारावर आजोबांना विचारी, ‘मास्तर, तुमच्यात उपास नसतो का?’ आजोबा म्हणत, ‘असतो. पण तो सांगायचा नसतो.’ याच्या पाठीमागे मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय होता. तिथे येशू सांगतो की उपास करता तेव्हा ढोंग्यांसारखं म्लानमुख होऊ नका, लोकांना दिसावं म्हणून तोंड उतरवून फिरू नका. डोक्याला तेल लाव, तोंड धू, आणि गुप्तात पाहणाऱ्या तुझ्या पित्यालाच ते कळू दे. ‘म्लानमुख’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे वाचला.

आजोबा खरोखर उपास करत की नाही, हे आम्हा नातवंडांना कधी कळलं नाही. घरात मात्र उपास म्हणजे दुसऱ्यांची गोष्ट, असंच वातावरण राहिलं. आमच्याकडे लेंथ म्हणतात त्या उपासकाळाच्या चाळीस दिवसांत संध्याकाळच्या प्रार्थनासभा वाढत. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर उपासना होई आणि ती संपेपर्यंत मोठी माणसं जेवत नसत. त्याला कुणी उपास म्हणत नसे. म्हणत, ‘आज उपासनेमुळे जेवायला उशीर.’

लग्नानंतर ह्यांची नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, मी मडगावात शाळेत मराठी शिकवते. घरात आम्ही दोघं, पंधरा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. आत्या अडुसष्ट वर्षांच्या, साखरेच्या गोळ्या चालू. इगर्जेतली, म्हणजे इथल्या चर्चमधली, कोंकणी मिसा (उपासना) त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजू लागली. त्या म्हणतात, जुन्या भजनांतले शब्द आहेत की हे. याच सासष्टी तालुक्यात, राचोलला, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, तेही मराठी ओव्यांत. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले होते.

तर ५ मार्च २०२५, राखेचा बुधवार. आदल्या दिवसापर्यंत कार्निव्हल होता, रस्त्याकडेला रंगीत कागदांचे तुकडे अजून पडलेले. आंटींबरोबर मी पहाटेच्या मिसाला गेले. मी प्रॉटेस्टंट, त्यामुळे त्यांचं कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, घेत नाही, पण राख कुणालाही घेता येते. ती राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. पाद्रींनी बोटाने कपाळावर क्रूस काढला, माणूस माती आहे आणि मातीला मिळणार आहे याची आठवण करून दिली, आणि मी रांगेतून पुढे सरकले.

मला अडखळायला झालं ते वेगळ्याच कारणाने. त्या दिवशीचं शुभवर्तमान नेमकं मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं असतं, तेच, तोंड धुवून उपास करण्याचं. जगभर कॅथलिक चर्चमध्ये राखेच्या बुधवारी तेच वाचतात आणि लगेच कपाळावर राख लावतात. मी आंटींना घरी येताना विचारलं, ‘आंटी, आत्ताच ऐकलं ना, उपास दिसू देऊ नका म्हणून? मग ही राख?’ त्यांना प्रश्न कळला नाही असं वाटलं, कारण त्या काही न बोलता थेट बाजारात शिरल्या. नुस्तेंवालीच्या, म्हणजे मासळीवालीच्या, कपाळावर राख होती. पाववाल्या पोराच्या होती. बसच्या कंडक्टरच्या होती. मी घरी आल्यावर आरशासमोर उभी राहिले आणि शाळेत जाण्याआधी साबण लावून कपाळ धुतलं. आजोबांनी तेच केलं असतं.

नियम मी आंटींकडून आणि पुस्तकातून नीट समजून घेतले. १९८३ च्या चर्चच्या कायद्यानुसार उपासाचे सक्तीचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. त्या दिवशी एकदा पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडंसं, ते दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होऊ नये एवढंच. हे अठरा वर्षं पुरी झाल्यापासून एकोणसाठ पुरी होईपर्यंत. मांस वर्ज्य करण्याचा नियम वेगळा, तो शुक्रवारांचा आणि चौदा वर्षांपुढच्या सगळ्यांना. आजारी माणसाला सूट. रविवार तर धरायचेच नाहीत, कारण तो पुनरुत्थानाचा दिवस. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात, त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस, येशूने अरण्यात काढले तितके.

मला हे फारच सोपं वाटलं. त्यात मासे चालतात. गोव्यातल्या माणसाला चिकन-मटण सोड म्हणणं म्हणजे नगरच्या माणसाला सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोड म्हणण्यासारखं. आपल्याकडे म्हणतात ना, एकादशी आणि दुप्पट खाशी. मी ठरवलं, आपण खरा उपास करायचा. दर शुक्रवारी सकाळपासून सूर्यास्तापर्यंत फक्त पाणी. चहासुद्धा नाही. आणि कुणालाही सांगायचं नाही, घरातही नाही.

पहिला शुक्रवार ७ मार्चचा. दहा वाजेपर्यंत काही जाणवलं नाही. अकराच्या तासाला डोकं दुखायला लागलं, ते भुकेने नव्हे, चहा न मिळाल्याने. कपाळाच्या दोन्ही बाजूंना कुणी अंगठे दाबून धरावेत तसं. दुपारी घरी आले तर लेकीने ओट्यावर दूध सांडून ठेवलं होतं. मी तिला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की दूध सांडण्याचा आणि त्या बोलण्याचा काही मेळ नव्हता. ती खोलीत गेली आणि दार लावून बसली.

संध्याकाळी आंटींनी त्या दिवसाच्या वाचनाचं पुस्तक आत्यांच्या हाती दिलं. राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. आत्यांनी आमचं मराठी बायबल काढून तोच अध्याय आम्हा सगळ्यांपुढे मोठ्याने वाचला. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तो तू का पाहिला नाहीस? आणि देव म्हणतो, उपासाच्या दिवशीही तुम्ही भांडता, कामकऱ्यांना राबवता, मुठी आवळता. मला हवा तो उपास वेगळा, जू मोडण्याचा, भुकेल्याला आपल्या भाकरीतलं देण्याचा, बेघराला घरात घेण्याचा. लेक समोर बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. आत्यांना माझ्या उपासाचं काही माहीत नाही, असं मी तेव्हा धरून चालले होते. लेकीची माफी मागायला पाहिजे होती. पण माफी मागायची तर चिडण्याचं कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की उपास उघडा पडणार. मी गप्प राहिले. हे सगळ्यात वाईट झालं, असं मला आजही वाटतं.

दुसरा शुक्रवार होळीच्या दुसऱ्या दिवशी आला, सुट्टीचा. बाहेर रंग, घरात मी. दिवसभर मी इतरांची ताटं मोजत होते. ह्यांनी दोनदा भात घेतला. आंटींची पेज झाली. मला भूक फारशी लागली नव्हती, पण दुसरं कुणी काय खाल्लं हे मी इतकं बारकाईने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. रात्री झोपताना एक समाधान वाटलं आणि लगेच ते समाधान कसलं आहे हे ओळखू आलं. लूकच्या शुभवर्तमानात तो परूशी मंदिरात उभा राहून देवाला सांगतो की मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मी या जकातदारासारखा नाही. माझा उपास कुणाला दिसत नव्हता हे खरं. मला दिसत होता, आणि तेवढे प्रेक्षक पुरत होते.

त्या आठवड्यात पप्पांना नगरला फोन केला तेव्हा आडून विचारलं. पप्पांनी लगेच ओळखलं असणार, कारण त्यांनी आपला नेहमीचा झुरिचचा किस्सा सुरू केला. १५२२ साली उपासकाळात छापखानेवाल्या फ्रोशावरच्या घरी कामगारांनी सॉसेज खाल्ले, मोठा गहजब झाला. धर्मसुधारक झ्विंग्ली तिथे हजर होता, त्याने स्वतः खाल्ले नाहीत, पण मग त्याने प्रवचनातून सांगितलं की ज्याला उपास करायचा त्याने करावा, ज्याला नाही त्याच्यावर लादू नये. ‘आपण त्या बाजूचे,’ पप्पा म्हणाले. मी म्हटलं, पप्पा, माझ्यावर कुणी लादलेलं नाही. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मग तूच स्वतःवर लादलं असशील. बघ बाई.’

तिसऱ्या शुक्रवारी, २१ मार्चला, स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंनी गावच्या शिगम्याच्या पुरणपोळ्या आणल्या. डबा माझ्यापुढे आला. मी म्हटलं, ‘पोट बिघडलंय हो, नको.’ त्यांनी लगेच ओव्याची पूड शोधली, कोमट पाणी आणून दिलं, ‘घरी जा, तुमचा तास मी घेते’ म्हणाल्या. माझ्यासमोर एक मुसलमान शिक्षिका बसल्या होत्या. रमजान चालू होता. डबा त्यांच्यापुढे गेला तेव्हा त्यांनी ‘रोजा आहे गं, घरी नेते’ म्हणून दोन पोळ्या कागदात बांधून घेतल्या. कुणी वर मान करूनही पाहिलं नाही. त्यांच्या उपासाचा कुणाला भार झाला नाही, कौतुक झालं नाही, ओव्याची पूड शोधावी लागली नाही. आणि माझ्या गुप्त उपासासाठी मी एका चांगल्या बाईला खोटं सांगून तिचं मन वापरून घेतलं होतं.

घरी येऊन मी मत्तयचा तो अध्याय पुन्हा काढला. मी मराठी शिकवते, सर्वनामांवर माझी नजर आपोआप जाते. तरी इतकी वर्षं मी हे पाहिलं नव्हतं. सोळाव्या ओवीत… ओवी नव्हे, वचनात, येशू ‘तुम्ही’ म्हणतो: तुम्ही उपास करता तेव्हा. सतराव्यात ‘तू’ येतो: तू मात्र तोंड धू. मूळ ग्रीकमध्येही तसंच आहे, आधी अनेकवचन, मग एकवचन. उपास सगळ्यांचा मिळून आहे हे धरूनच चाललं आहे, आणि तोंड धुणं ज्याचं त्याचं. ‘करता तेव्हा’ म्हणतो, ‘केलात तर’ म्हणत नाही. त्या काळच्या यहुदी माणसाला तेल आणि पाणी म्हणजे रोजचीच नीटनेटकी राहणी. म्हणजे रोज दिसता तसेच दिसा, एवढंच. येशूनंतर शंभरेक वर्षांच्या आत लिहिलेल्या ‘प्रेषितांची शिकवण’ या लहानशा पुस्तिकेत तर ख्रिस्ती लोकांचे उपासाचे वार ठरवून दिले आहेत, बुधवार आणि शुक्रवार. ज्याचा वार ठरलेला आहे तो उपास गुप्त कसा असेल? सगळ्या मंडळीला तो ठाऊक. हे मला पटत होतं. तरीही मी माझा नेम बदलला नाही. तीन शुक्रवार झाले होते, चाळिसांतून हटायचं नाही, अशी एक जिद्द बसली होती.

२८ मार्चला दुपारी दोनला घरी आले तर आत्या पलंगाच्या कडेला बसलेल्या. अंगावरचं पातळ घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. मला बघून त्या म्हणाल्या, ‘आलीस का शाळेतून, बाळंतिणीला पाणी ठेव.’ घरात बाळंतीण कोणी नव्हती. हात लावला तर गार. साखर तपासायचं यंत्र कपाटात होतं, मला सुई धरता येईना. आकडा आला ५२. मी ओरडले असणार, कारण आंटी मागच्या दाराने आत आल्या आणि त्यांनीच पेल्यात साखर ढवळली. घोट घोट पाजली. पंधरा-वीस मिनिटांत आत्यांची नजर जागेवर आली. मग केळं, मग भात. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पुढचं सगळं नीट सांगितलं आणि विचारलं, गोळी घेऊन त्या उपाशी का होत्या?

मी पण आत्यांना तेच विचारलं. त्यांनी सांगितलं, ‘तू शुक्रवारचं खात नाहीस ते काय मला दिसत नाही? पहिल्या शुक्रवारपासून बघतीय. तू न सांगता करतीस, म्हटलं मीबी न सांगता करीन.’

मला उभं राहवेना. आंटी पेला विसळत होत्या. त्या मागे न बघता म्हणाल्या, ‘म्हातारेक उपास ना गो बाय. दुयेंतीक ना.’ म्हातारीला उपास नाही, आजाऱ्याला नाही. मी ज्या नियमांना सोपे म्हणून नाक मुरडलं होतं त्यांत साठीची मर्यादा आणि आजाऱ्याची सूट कुणीतरी विचार करून घातली होती. कुठल्यातरी घरात कुठल्यातरी सुनेपायी कुणीतरी सासू अशीच पलंगाच्या कडेला बसली असेल, आणि मग कुणीतरी लिहून ठेवलं असेल की इथे थांबा. माझ्या एकटीच्या नेमाला अशी कडच नव्हती.

त्या रात्री मी घरात सगळ्यांना सांगितलं. काय करत होते, का करत होते. लेकीची माफी मागितली, तीन आठवड्यांनी. ती म्हणाली, ‘मम्मी, मला वाटलं तुला माझाच राग आलाय.’ सोमवारी शाळेत त्या बाईंनाही खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अहो मग सांगायचं ना, पोळी बांधून दिली असती.’

पाचव्या शुक्रवारी, ४ एप्रिलला, मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि अकराला आंटींच्या मागच्या पडवीत जाऊन बसले. त्यांनी काही विचारलं नाही. दुसरी वाटी काढली. पेज गरम होती, कैरीची फोड इतकी खारट की जीभ आकसली. मासे नसताना त्या पेजेला काहीच चव नाही, हे तेव्हा कळलं. नियमाप्रमाणे आंटींना मासे खाता येत होते. पण काल्च्या कडीशिवायची पेज म्हणजे गोव्यातल्या माणसाचं काय जातं, हे खिडकीतून बघून कळत नाही.

आम्ही पेज पीत असताना नुस्तेंवाली आली. मला आश्चर्य वाटलं, कोरेस्मातल्या शुक्रवारी ती इथे कशाला? तिने टोपली उतरवली, बांगड्यांचा एक वांटो, म्हणजे वाटा, वेगळा काढला. आंटींनी पैसे दिले. नुस्तेंवालीने वांटो उचलला आणि आंटींच्या हातात न देता ती परसातून मागच्या खोल्यांकडे निघून गेली. तिथे कर्नाटकातून बांधकामावर आलेली दोन कुटुंबं भाड्याने राहतात, त्यांची चार मुलं दिवसभर माडांखाली खेळत असतात. मी आंटींकडे पाहिलं. त्या पेज पीत होत्या.

हे किती वर्षं चालू आहे, मी नुस्तेंवालीला नंतर विचारलं. तिच्या सासूपासून, ती म्हणाली. खोल्यांत माणसं बदलतात, वांटो चालू असतो. दुसऱ्या शतकातल्या एका ख्रिस्ती ग्रंथात उपासाची हीच रीत सांगितली आहे: उपासाच्या दिवशी जे खाल्लं असतंस त्याची किंमत काढ आणि ती विधवेला, अनाथाला, गरजवंताला दे. आंटींनी तो ग्रंथ वाचलेला नाही. त्यांनी त्यांच्या आईला पाहिलं आहे. तीन वर्षं मी त्यांची वाटी बघितली आणि वांटो बघितला नाही. अख्ख्या वाड्यात शुक्रवारी मासे शिजत नाहीत, तिथे आंटींच्या घरी शिजले नाहीत याचं कुणाला काही वाटत नाही, म्हणून तो वांटो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. सगळ्यांनी मिळून केलेल्या उपासात माणूस लपू शकतो. मला माझ्या एकटीच्या उपासात लपता आलं नाही, आत्यांनी पहिल्याच शुक्रवारी पाहिलं.

सोमवारी, ७ एप्रिलला, आंटी आम्हाला गोवा वेल्हाला घेऊन गेल्या. उपासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी तिथल्या सेंट अँड्र्यू चर्चमधून फ्रान्सिस्कन तिसऱ्या संघाच्या संतांची मिरवणूक निघते, पुतळे खांद्यांवर घेऊन. राजवस्त्रातले राजे आणि जाड झग्यातले भिक्षू, एकामागून एक, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. लहानपणी शिकलेलं सगळं माझ्यात उभं राहिलं, मूर्ती, पुतळे, बाह्य देखावा. ते शिकलेलं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पण पुढचा विचार टाळता आला नाही. नगरच्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी बायका पांढरं पातळ नेसतात, डोक्यावर पदर घेतात, गीतांचं पुस्तक छातीशी धरून रांगेने जातात. कुणाचा पदर ढळला तर मागच्या बाकावरून खुणा होतात. ते आम्हाला कधी बाह्य वाटलंच नाही. खांद्यावरच्या काठीने ज्यांचे खांदे सोलले होते ते पुरुष अनवाणी चालले होते. आत्या बसल्या जागी डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या.

उत्तम शुक्रवारी, १८ एप्रिलला, मी नियमाचा उपास केला. एकदा जेवण, दोनदा थोडंसं, सकाळी आठवणीने अर्धा कप चहा. त्या अर्ध्या कपाची मला आता लाज वाटत नव्हती. गुरुवारच्या संध्याकाळपासून इगर्जेतल्या घंटा बंद होत्या. घंटेच्या जागी मात्राका वाजते, लाकडी, कोरडी, तिचा खडखडाट छातीत बसतो. वेदीवरची वस्त्रं काढून घेतली होती, नुसता दगड. मला आमचं नगरचं चर्च आठवलं, तेही असंच उघडं असतं, वर्षभर. दुपारी क्रुसावरचा पुतळा खाली उतरवला. त्याचे हात खांद्यापाशी दुमडतात. हात खाली आले तेव्हा इगर्जेत कुणीतरी मोठ्याने हुंदका दिला आणि मग बरेच जण रडले. लेक माझा हात धरून उभी होती. चौदा पुरी झाल्यावर यंदा तिने शुक्रवारचं मांस सोडलं होतं, आम्हाला सांगून, आंटींना विचारून. एका शुक्रवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला विसरून चिकन खाल्लं तेव्हा घाबरून मला फोन केला होता. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी आठवण ठेव.

मला भूक लागली होती. साधी भूक, तिच्यात राग नव्हता. संध्याकाळी मिरवणुकीत चालताना पोटात कळ आली तेव्हा मागच्या खोल्यांतली मुलं आठवली, कारण त्या दिवशी नुस्तेंवालीही आली नव्हती. मी ह्यांना म्हटलं, जाताना पाव आणि अंडी घेऊन जाऊ तिकडे. ते म्हणाले, आंटींनी सकाळीच डाळ-भाताचं पातेलं पाठवलंय, मी पाहिलं. तरी आम्ही पाव घेतले.

ईस्टरनंतरचा शुक्रवार हा सणाचाच दिवस धरतात, त्या शुक्रवारी काही वर्ज्य नसतं. २५ एप्रिलला अकराला आंटींकडे पेजेबरोबर काल्ची कडी होती, इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा शुक्रवारी. आत्यांना त्यांनी मुद्दाम बोलावलं, आत्यांनी गोळी घेतली होती आणि नाश्ताही केला होता, मी दोनदा विचारलं. नुस्तेंवाली आली. आंटींनी आपल्यासाठी बांगडे घेतले आणि मागच्या खोल्यांचा वांटो वेगळा काढायला लावला, नेहमीसारखा. मग माझी पाळी आली. मी पिशवी पुढे केली आणि दोन वांटे सांगितले.

नुस्तेंवालीने एक माझ्या पिशवीत टाकला. दुसरा हातात धरून परसाकडे मान वळवली आणि विचारलं, ‘हो तांकां दिवचो?’ हा त्यांना द्यायचा?

मी हो म्हटलं.